वर्णनाचा रकाना

जावईबापूंना मी कधी पाहिलेलं नाही. मी जन्मापासून कोणालाच पाहिलेलं नाही. पण ते ब्रेलचं पुस्तक उलटं धरतात हे मला माहीत आहे, आणि फोटोच्या वेळी घड्याळ पुढे येईल असा डावा हात धरतात हेही माहीत आहे. हे मला बाईंनी सांगितलं. एकट्या मलाच नाही, आमच्या चारशे वाचकांना सांगितलं. वर्षभर सांगितलं, तेही जावईबापूंच्याच संस्थेच्या ब्लॉगवरून, त्यांच्या नाकावर टिच्चून. मला त्या वर्षाची आठवण आली की अजूनही बरं वाटतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आमचं बोलकं ग्रंथालय आहे. ज्यांना दिसतं असे हौशी लोक येऊन पुस्तकं मोठ्याने वाचतात, आम्ही ती ध्वनिमुद्रित करतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांना पाठवतो. इमारत दुमजली. वर ध्वनिमुद्रणाच्या दोन खोल्या, भिंतींना जाड रजया ठोकलेल्या. खाली कचेरी, आणि जिन्याच्या पोटात माझं फोनचं टेबल. संस्था काढली सरांनी. सर शाळामास्तर होते आणि माझ्यासारखेच होते. त्यांचा एक नियम होता: या इमारतीत फळ्यावर, भिंतीवर किंवा पडद्यावर जे काही लिहिलेलं असेल, ते डोळसांपैकी कोणीतरी मोठ्याने वाचायचंच. फळ्यावर कोणी 'आज पाणी येणार नाही' असं लिहिलं तरी ते जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून वाचलं जायचं. सभेतही हाच नियम.

सर गेले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचे जावई संचालक म्हणून बसले. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणायचे, पाठीमागे जावईबापू. रुबाबही जावयाचाच होता. चहा आणून द्यावा, खुर्ची पुढे करावी आणि कामाचं मात्र विचारू नये. भाषणात आम्ही त्यांचे 'दृष्टिहीन बांधव' असायचो आणि चहाच्या वेळी 'हे आंधळे'. आम्हाला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असा त्यांचा समज होता.

बाई आमच्या टायपिस्ट. बावीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर बसल्या होत्या, तिचं डावं चाक करकरायचं. आवाज घोगरा, सर्दी कायमची मुक्कामाला आल्यासारखा. त्यांना पुस्तकं वाचायची फार इच्छा होती. दोनदा त्यांनी आवाजाची चाचणी दिली. दुसऱ्या वेळी जावईबापू ऐकायला बसले होते. ते म्हणाले, "बाई, पुस्तक वाचायचंय, भांडण नाही करायचंय." सगळे हसले, बाईही हसल्या. मी हसलो नाही. मला तो आवाज आवडायचा, कारण त्यात काही लपून राहायचं नाही.

माझी पत्रं बाईच वाचून दाखवायच्या. त्यांचं वाचणं म्हणजे एक प्रकरणच होतं. पोस्टाच्या शिक्क्यापासून सुरुवात. मग, "इथे 'कृपया' लिहून खोडलंय, आणि पुन्हा 'कृपया'च लिहिलंय." मग, "खाली चहाचा डाग आहे, अर्धा." एकदा मी वैतागून म्हणालो, "बाई, मुद्द्याचं तेवढं सांगा ना!"

"सवय," त्या म्हणाल्या. मग टायपिंग थांबलं. "माझा धाकटा भाऊ तुमच्यासारखा होता."

दोघं लहान असताना बाई त्याला हाती लागेल ते वाचून दाखवायच्या. पुस्तकं घरात फारशी नव्हती, म्हणून औषधाच्या बाटल्या, बसची तिकिटं, साबणाचे कागद. कागद संपला तरी तो विचारायचा, "अजून काय लिहिलंय?" मग त्या कारखान्याचा पत्ता वाचायच्या. एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र सांगताना त्या कंटाळल्या आणि नदीकाठी हत्ती आहे असं सांगून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी भावाने शेजारच्या काकूंना विचारलं, "काकू, हत्ती केवढा आहे हो?" चित्रात हत्ती नव्हताच. दोन दिवस तो बहिणीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तूच खोटं सांगितलंस तर मला कळणार कसं?" तेव्हापासून जे आहे ते आणि तेवढंच सांगायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं. तो चौदाव्या वर्षी तापाने गेला. तो गेला त्या तासाला बाई टायपिंगच्या परीक्षेला बसल्या होत्या. "पास झाले," त्या मला म्हणाल्या. "त्याच सर्टिफिकेटवर इथे आहे."

ब्लॉग बाईंनी सुरू केला तो असा. छोट्या संस्थांनी इंटरनेट कसं वापरावं याचा एक दिवसाचा वर्ग होता. आमंत्रण जावईबापूंना होतं, त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी बाईंना पाठवलं. बाई वही भरून परत आल्या. सोमवारी त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे ऑनलाइन तक्ता. कोण कुठलं प्रकरण वाचणार हे प्रत्येकाने घरबसल्या त्यात भरायचं. त्याआधी आमच्याकडे एका कादंबरीचं चौथं प्रकरण तिघांनी वाचलेलं होतं आणि नववं कोणीच नाही. खून कोणी केला ते नवव्यात होतं. मला फोनवर लोकांच्या शिव्या खाव्या लागत.

ब्लॉगवरचा पहिला लेख त्या नवव्या प्रकरणाबद्दलच होता. 'आमच्या चारशे वाचकांना खुनी सापडत नाही. आपल्याकडे वीस मिनिटं आणि खोकला नसलेला घसा आहे का?' आठवड्याभरात अकरा माणसं आली. त्यातली सहा कायमची राहिली. मग बाई दर शनिवारी लिहू लागल्या. कोणी काय वाचायला मागितलं, कुठल्या आजींनी तेच पुस्तक पाचव्यांदा मागवलं, ध्वनिमुद्रणात मध्येच कुत्रं भुंकलं आणि वाचकांनी ते काढू नका म्हणून कळवलं. खाली आवाजाचा तुकडा जोडायच्या आणि नाव नोंदवायचा छोटा अर्ज. लेखाखाली नाव असायचं 'संस्थेकडून'. आम्ही ते सगळं पोपटाकडून ऐकायचो. पोपट म्हणजे संगणकावरचं लिहिलेलं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर; जे समोर येईल ते म्हणतो, म्हणून पोपट.

त्या ब्लॉगवर फोटो टाकताना एक रकाना भरायचा असतो. वर्णनाचा. डोळसांना तो पानावर कुठेच दिसत नाही. फोटो असतो तोवर ते वर्णन लपून राहतं, आणि पोपट फोटोपाशी आला की तेवढं वाचतो. फोटो काही कारणाने आलाच नाही, तर मात्र त्या रिकाम्या चौकटीत ते अक्षरांत उमटतं. आणि रकाना रिकामा ठेवला तर पोपट थांबतच नाही, सरळ पुढे जातो; आमच्यापुरता तिथे फोटोच नसतो.

दोन वर्षांनी बाईंनी भावाबद्दल लिहिलं. साबणाचे कागद, हत्ती, 'अजून काय लिहिलंय?' सगळं. परीक्षेचं तेवढं लिहिलं नाही. एक जुना फोटो टाकला आणि खाली रकान्यात वर्णन भरलं. मी ते इतक्यांदा ऐकलंय की पोपटाशिवाय म्हणू शकतो: 'लोखंडी खाटेवर दोन मुलं. डावीकडे अकरा वर्षांची मुलगी, हातात साबणाचा कागद, तोंड उघडं. ती मी. उजवीकडे सात वर्षांचा मुलगा. त्याचं तोंड समोर आहे, कान माझ्याकडे. तो माझा धाकटा भाऊ. माझ्या फ्रॉकचं एक बटण तुटलेलं आहे. खाटेवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली आहे, ते आमचे वडील.'

त्या लेखाने माणसं हलली. तो लोकांनी एकमेकांना पाठवला, नवीन वाचक मिळाले, वाचायला येणारे वाढले. आणि वर्षाअखेर एका मोठ्या मंडळाचं पत्र आलं, की संस्थांच्या ब्लॉगमध्ये तुमचा पहिला आला आहे. पत्र बाईंनीच मला वाचून दाखवलं, शिक्क्यासकट.

पुढच्या आठवड्यात मी सहज ब्लॉग उघडला. पोपटाने मथळा वाचला, 'माझा धाकटा भाऊ', आणि मग म्हणाला, 'लेखक: संचालक.' मला वाटलं पोपट बिघडला. दुसरा लेख उघडला. 'लेखक: संचालक.' खुनी सापडत नाही तो लेख, कुत्रं भुंकलं तो लेख, सगळ्यांवर तेच. जावईबापूंनी संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावून एकशे चाळीस लेखांचा लेखक एका झटक्यात बदलून घेतला होता. मी पुन्हा भावाच्या लेखावर आलो. 'लेखक: संचालक,' पोपट म्हणाला, आणि लगेच फोटोपाशी येऊन म्हणाला, 'ती मी.' अकरा वर्षांची मुलगी, तुटक्या बटणाचा फ्रॉक, लेखक संचालक! मला हसू आलं आणि मग असा संताप आला की हातातला फोन मी आपटला.

बक्षीस समारंभाला आम्ही सगळे गेलो. बाई माझ्या शेजारी होत्या. जावईबापूंनी व्यासपीठावरून तो लेख वाचला. वाचता वाचता ते लेख सोडून बोलायला लागले. भावाला त्यांनी एक नाव दिलं. त्याला गाणं आवडायचं म्हणाले. आणि मग आवाज कापरा करून म्हणाले, "शेवटी तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला." सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. बाईंच्या पर्सची चेन उघडत होती आणि बंद होत होती, उघडत होती आणि बंद होत होती. मागच्या चार रांगांत आमचे वाचक होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या चार रांगांनी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्यांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, तो लेख माझा आहे."

"लेख संस्थेचा असतो, बाई. सेवेत माझं-तुझं करायचं नसतं."

"आणि भाऊ?"

"अहो, तुमचा काय, माझा काय, भावना तीच ना! लोक रडले, ते महत्त्वाचं."

खुर्चीचं चाक करकरलं, म्हणजे बाई जागेवर आल्या. मी म्हणालो, आपण विश्वस्तांकडे तक्रार करू.

"तक्रारीच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, फोनवाले?" किल्ली जावईबापूंकडे होती. मग बाई हळू आवाजात बोलल्या, आणि त्यांचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट. "मला नाव नको होतं. मी कधी घातलंच नाही. पण त्या तासाला मी त्याच्यापाशी नव्हते. आयुष्यभर मला ते बोचतंय. आणि हा माणूस सांगतो, मी होतो. मांडीवर म्हणे! माझा भाऊ मला परत हवाय. आणि ह्याला मी सोडणार नाही."

त्यांनी संगणक उघडला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "फोटो कापलाय. मी नाहीये त्यात. आता तो एकटाच बसलाय खाटेवर." मी विचारलं, "आणि खाली? रकान्यात?" त्यांनी पाहिलं. वर्णन जसंच्या तसं होतं. जावईबापूंनी नाव बदललं, फोटोतून बाईंना कापलं, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते त्यांना सुचलंच नाही. आंधळ्यांची संस्था चालवणाऱ्या माणसाची ही चूक! दिसणाऱ्या अर्ध्या फोटोत बाई नव्हत्या आणि न दिसणाऱ्या पूर्ण फोटोत होत्या.

बक्षीस मिळाल्यावर जावईबापूंना आपला फोटो प्रत्येक लेखात हवा झाला. ते बाईंना फोटो पाठवत आणि मागे उभे राहून चढवायला लावत. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, "हे खाली काय विचारतंय?"

"फोटोचं वर्णन. रिकामं ठेवलं तर त्यांच्यासाठी तुम्ही तिथे नसताच."

"मग भरा काहीतरी. कोण बघतंय!"

बाई म्हणाल्या, "बरं." तो 'बरं' मला साधा वाटला नाही.

बाईंचा नियम मात्र तोच राहिला. खोटं एक अक्षर नाही. हत्ती नाही. फोटोत जे असेल तेवढंच. पहिला फोटो: 'संचालक ब्रेल पुस्तक बोटांनी वाचत आहेत. पुस्तक उलटं आहे.' दुसरा: 'संचालक ध्वनिमुद्रण करताना. मायक्रोफोनची वायर कशालाही जोडलेली नाही, टेबलावरून लोंबते आहे.' तिसरा: 'संचालक एका आजोबांना पांढरी काठी भेट देताना. आजोबांचं तोंड भिंतीकडे आहे, त्यांना कोणी वळवलेलं नाही.' चौथा, मला सगळ्यात आवडणारा: 'नव्या वाचन कक्षाचं उद्घाटन. संचालक फीत कापत आहेत. मागच्या उघड्या दारातून कक्ष दिसतो. त्यात एक शिडी आहे आणि एक बादली.'

माझा फोन वाजायचा थांबेना. "नवीन फोटो कधी येणार हो?" लोक पुस्तकांचं विचारेनासे झाले. एक निवृत्त पेटी-दुरुस्तीवाले होते, त्यांना मी फोनवर शिडी आणि बादली ऐकवली तर त्यांना हसता हसता ठसका लागला आणि त्यांच्या सुनेने फोन काढून घेतला. आमच्यापैकी एकानेही बाहेर तोंड उघडलं नाही. उलट ब्लॉगवर प्रतिक्रिया पडू लागल्या: 'साहेब, फोटो अप्रतिम.' 'साहेब, डोळ्यांसमोर उभे राहिलात.' जावईबापू त्या प्रतिक्रिया विश्वस्तांना मोठ्याने वाचून दाखवत. "बघा," ते एकदा म्हणाले, "आंधळ्यांनासुद्धा माझे फोटो आवडतात!" आपण काय बोललो याचा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. मी माझ्या टेबलाखाली तोंड घालून हसलो. दर शनिवारी एकाऐवजी तीन फोटो येऊ लागले.

अकरा महिने असे गेले. मला वाटलं, बाईंचं समाधान झालं असेल. मी तसं म्हणालोही.

"भाऊ अजून त्यांच्याकडेच आहे," त्या म्हणाल्या.

आणि मग जावईबापूंनी पुस्तकाचं काढलं. ब्लॉगवरच्या लेखांचं पुस्तक, नाव 'माझा धाकटा भाऊ', मुखपृष्ठावर खाटेवरचा तो कापलेला फोटो, आणि नवीन शेवटचं प्रकरण, मांडीवरचं. वार्षिक सभेत ब्लॉग पडद्यावर दाखवायचा, सभेची मंजुरी घ्यायची आणि पुस्तक छापायला पाठवायचं. शेवटचं प्रकरण त्यांनी बाईंनाच टाइप करायला दिलं. बाईंनी ते टाइप केलं. एकही चूक न करता केलं, आणि प्रत्येक कळ अशी आपटली की जिना हादरावा. पुस्तकात रकाना नसतो. तिथे भाऊ एकदा छापला गेला की तो कायमचा जावईबापूंचाच राहिला असता.

सभेच्या दिवशी सकाळी बाई मला म्हणाल्या, "फोनवाले, फोटो आज काढून टाकलेत मी सगळे. ब्लॉगच्या कोठारातून. ठेवलेत माझ्याकडे जपून, पण तिथे नाहीत." मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं आणि मी त्यांचा हात धरला.

सभागृह भरलेलं होतं. अर्धे आम्ही, अर्धे डोळस. पुढच्या रांगेत विश्वस्त, आणि ताई. ताई म्हणजे सरांची मुलगी, जावईबापूंची बायको. त्या संस्थेत कधी लुडबुड करत नसत, सभेला मात्र येत. बाई पडद्याच्या यंत्रापाशी बसल्या होत्या, कारण ते चालवायचं काम त्यांचंच होतं. जावईबापू बोलायला उभे राहिले. "आता आपला ब्लॉग पाहू," ते म्हणाले. बाईंनी कळ दाबली.

आधी डोळसांची कुजबुज सुरू झाली, मग कोणीतरी फिसकन हसलं. जावईबापू म्हणाले, "नेट गेलंय वाटतं. फोटो येत नाहीयेत. बाई, पुढे चला, पुढे चला."

बाई पुढे गेल्या नाहीत.

"पडद्यावर काय आहे?" मागून पेटीवाल्यांनी विचारलं.

"काही नाही, तांत्रिक अडचण आहे."

"मग अडचण वाचा. सरांचा नियम आहे."

"वाचा! वाचा!" मागच्या सगळ्या रांगा म्हणू लागल्या. मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत. पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. ताईंचा आवाज आला, सरांसारखाच, प्रत्येक अक्षर सुटं. "मी वाचते. 'संचालक ब्रेल पुस्तक बोटांनी वाचत आहेत...'"

"पुस्तक उलटं आहे!" आम्ही दोनशे जण एका सुरात म्हणालो.

ताई थांबल्या. मग पुढचं वाचायला लागल्या. "'मायक्रोफोनची वायर...'" आणि आम्ही पूर्ण केलं. काठीचं आम्ही पूर्ण केलं. शिडी तर त्यांना वाचावीच लागली नाही. डोळस आधी हसले, मग त्यांना कळलं की आम्हाला हे सगळं तोंडपाठ आहे, म्हणजे हे आजचं नाही, आणि ते गप्प झाले. जावईबापू "बंद करा, बंद करा" म्हणत होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरा होता. मला त्यांची दया आली का? नाही आली. आली असती तर सांगितलं असतं.

बाईंनी पान पुढे सरकवलं. ताई म्हणाल्या, "'माझा धाकटा भाऊ. लेखक: संचालक.' खाली फोटो नाही. लिहिलंय: 'लोखंडी खाटेवर दोन मुलं. डावीकडे अकरा वर्षांची मुलगी, हातात साबणाचा कागद, तोंड उघडं. ती मी.'" या वेळी आमच्यातलं कोणीच सोबत म्हटलं नाही. ताईंनी एकटीने ते शेवटपर्यंत वाचलं, बटण, सावली, वडील, सगळं. मग विचारलं, "ही 'मी' कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. मायक्रोफोन नव्हता, पण तो घोगरा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तो गेला तेव्हा मी परीक्षेला बसले होते. त्याच्यापाशी कोणी नव्हतं. कोणाच्याही मांडीवर तो गेलेला नाही."

जावईबापू म्हणाले, "भावना लक्षात घ्या, मला फक्त..."

"तुम्हाला भाऊ नाही," ताई म्हणाल्या. "तीन बहिणी आहेत."

पुस्तक छापलं गेलं नाही. महिन्याभराने जावईबापूंनी तब्येतीचं कारण सांगून राजीनामा दिला. ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावून लेखक पुन्हा बदलून घेतले. बाकी सगळ्या लेखांवर 'संस्थेकडून' आलं, आणि भावाच्या लेखावर बाईंचं नाव. खाटेवरचा फोटो बाईंनी घरच्या प्रतीवरून पूर्ण चढवला. विश्वस्तांनी बाईंना पुस्तकं वाचायला बोलावलं. "आता नको," त्या म्हणाल्या. "तेव्हा हवं होतं."

जायच्या आदल्या दिवशी जावईबापू खाली आले. सातव्या पायरीवर थांबले, ती पायरी कुरकुरते. मग बाईंच्या टेबलापाशी आले.

"बाई, उद्या निरोपाचा लेख येईल. ही म्हणाली, सभ्यपणे लिहायचं."

"सभ्यपणेच लिहिलाय. तुम्ही किती वर्षं होता, काय काय केलंत. ताईंनी पाहिलाय."

"आणि फोटो..." त्यांनी घसा साफ केला. "त्या रकान्यात जरा... आता मला कळलं, लोक ऐकतात. शेवटचं आहे. वाईट काही लिहू नका."

टायपिंग थांबलं. "तुमच्याबद्दल एक शब्दही वाईट लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "माझा शब्द."

"थँक यू, बाई," जावईबापू म्हणाले. मनापासून म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं, बाई विरघळल्या. खरं सांगतो, मला बाईंचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी मी ब्लॉग उघडला. पोपटाने मथळा वाचला. तारीख वाचली. 'संस्थेकडून' म्हणाला. मग थेट पहिलं वाक्य, दुसरं, शेवटचं, आणि खाली नाव नोंदवायचा अर्ज. मी पुन्हा लावलं. मथळा, तारीख, संस्थेकडून, पहिलं वाक्य. मध्ये काहीच नव्हतं. मी शेजारी विचारलं, "बाई, फोटो टाकला नाहीत?"

"टाकलाय की. चांगला मोठा आहे. सूट, टाय, हार, हसतायत." खुर्चीचं चाक करकरलं. "रकाना तेवढा रिकामा ठेवलाय."

तेवढ्यात फोन वाजला. पेटीवाले होते.

"निरोपाचा लेख ऐकला," ते म्हणाले. "जावईबापूंचा फोटो होता का हो त्यात?"

"नाही," मी म्हणालो. "कोणीच नव्हतं."